ठिगळ, थर आणि चौकोन

(संत गाडगेबाबा यांच्या पुण्यतिथीनिमित्त साकोली येथे झालेल्या स्मृती व्याख्यानाचा मजकूर)



आज २० डिसेंबर. १९५६ साली याच तारखेला अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांच्या पुण्यतिथीला स्वच्छतेवर बोलायचं, शिक्षणावर बोलायचं, कर्ज काढून सण करू नका हे पुन्हा एकदा सांगायचं, असा आपला रिवाज आहे आणि तो योग्यच आहे. मी मात्र आज बाबांच्या अंगावरच्या कपड्याबद्दल बोलणार आहे.

डोक्यावर गाडगं, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि अंगात नाना रंगांच्या चिंध्या जोडून केलेला अंगरखा. लोक त्यांना चिंधेबाबा म्हणत, गोधडे महाराज म्हणत. त्या अंगरख्यात आपण वैराग्य पाहिलं. पण त्यातली प्रत्येक चिंधी कुणाच्या तरी घरातून आलेली होती. ती कुणीतरी वापरली होती, धुतली होती, विरेपर्यंत नेसली होती. आणि ती दुसऱ्या चिंधीला जोडताना कुणीतरी सुईत दोरा ओवला होता. आपल्याला त्या अंगरख्यातला त्याग दिसला, शिवणकाम दिसलं नाही. घरातल्या गोधडीचंही आपण तेच केलं. तिच्यात आपल्याला गरिबी दिसली, क्वचित आजीची माया दिसली. ती शिवतात कशी, हे पाहायचं राहून गेलं.

आज तेवढंच पाहू. कारण माझं म्हणणं असं आहे, की पांघरूण कसं शिवतात यावर ते शिवणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या किती जवळ बसायचं हे ठरतं. एक रीत माणसांना एका सतरंजीभोवती बसवते, दुसरी रीत दूरदूरच्या माणसांना एका मापात बांधते. आपल्याला आज दोन्ही रीती हव्या आहेत.

पहिली रीत आपली. गोधडीत कापूस भरत नाहीत. कापूस भरला की ती रजई झाली, आणि रजई पिंजाऱ्याच्या धनुकलीशिवाय होत नाही. गोधडीला पिंजारी लागत नाही, शिंपी लागत नाही, बाजारातून आणायचं म्हणाल तर सुई आणि दोरा. त्यातला दोराही एके काळी जुन्या लुगड्याच्या काठातून ओढून काढत. तिची ऊब थरांत असते. खाली एक धड लुगडं अंथरायचं, त्यावर विरलेल्या धोतराचे, लुगड्यांचे थर द्यायचे, जिथं कापड झिरझिरीत झालं असेल तिथं ठिगळ लावायचं, आणि वर पुन्हा एक बऱ्यापैकी पदर. हे सगळं सारवलेल्या जमिनीवर ताणून पसरायचं, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, मोठ्या कच्च्या टाक्यांनी थर जागच्या जागी धरून ठेवायचे. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो. एक बाजू संपली की कोपऱ्यावर वळायचं, दुसरी बाजू, तिसरी, चौथी, आणि पुन्हा पहिल्या ओळीच्या आत बोटभर अंतरावर दुसरा फेरा. चौकोनात चौकोन आटत आटत शेवटी दोरा मध्यावर येऊन थांबतो.

धावदोरा हा शिवणातला सर्वांत साधा टाका. सुई वर, सुई खाली, बस्स. पण तोच टाका हजारोंनी पडला की कापड जरासं आकसतं आणि दोन ओळींच्या मधे बारीक लाट उभी राहते. त्या लाटांत हवा अडकते. अडकलेली हवा थंडी आत येऊ देत नाही. म्हणजे ज्याला आपण नक्षी समजतो ते ऊब धरून ठेवायचं तंत्र आहे. आणि ज्या कापडाचा एक एक थर बोटानं ओढला तरी फाटेल, ते सगळे थर टाक्यांनी एक झाले की वर्षानुवर्षं टिकतात. ओढ एका धाग्यावर येत नाही, ती वाटली जाते.

ही गोधडी एकटीनं शिवता येते, पण फार दिवस लागतात, आणि थर सरकतात. म्हणून चार जणी चार बाजूंना बसतात. आपल्या झाडीपट्टीत धानाचं चुरणं आटोपलं, लाखोरी आणि जवस घरात आलं, की ते दिवस येतात. तेव्हा ऊन असतं, धुतलेलं कापड वाळतं, आणि पावसाळ्याच्या आत पांघरुणं तयार करायची असतात. रोवणीच्या बांधीत ज्या बाया ओळीनं चिखलात वाकतात, त्याच बाया उन्हाळ्यात गोधडीच्या कडेला ओळीनं बसतात. दोन्हीकडे हात एका चालीत चालावा लागतो, दोन्हीकडे शेजारणीच्या ओळीवर नजर ठेवावी लागते. एकीची ओळ वाकडी गेली तर पुढचा प्रत्येक फेरा वाकडा जातो. एकीनं दोरा जास्त ओढला तर दुसरीकडे कापडाला फुगा येतो. या शिवणात वेगळं राहून चालतच नाही. गोधडी अर्धी घरी नेऊन शिवून आणता येत नाही. तिच्याभोवती यावंच लागतं.

आपल्या दक्षिणेला, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, याच शिवणाची एक सख्खी बहीण आहे. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागातल्या जंगलकाठच्या गावांत सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी जे निसटून घाटावरच्या रानात शिरले, त्यांचे हे वंशज. त्यांची बोली कोकणी-मराठीच्या जवळची आहे. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला त्या कवंडी म्हणतात. तिचं वेगळेपण असं, की वरचा पदर आधी जोडून तयार करत नाहीत. एका कोपऱ्यात रंगीत तुकडा ठेवायचा, त्याच्या कडा दुमडायच्या आणि तोच तुकडा खालच्या सगळ्या थरांसकट धावदोऱ्यानं शिवून टाकायचा. मग त्याच्या शेजारी दुसरा. जोडणं आणि शिवणं एकाच टाक्यात. कडेकडून आत येत येत मध्य भरतो. चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे त्रिकोणी थर बसवतात, त्यांना फुलं म्हणतात, आणि फुलांवाचून कवंडी पुरी झाली असं मानत नाहीत. आराखडा कागदावर नसतो. पुढचा तुकडा कोणता, हे आधीचा तुकडा बसल्यावर ठरतं. २०११ मध्ये न्यू यॉर्कच्या शोंबर्ग केंद्रात या कवंड्यांचं प्रदर्शन झालं, तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की भारतात असं काही आहे.

आता दुसरी रीत. अमेरिकेत अठराव्या शतकात पांघरुणं बहुधा अखंड कापडाची किंवा मध्ये मोठं चित्र असलेली असत. साधारण १८४०च्या सुमारास तिथं एक बदल रुजला. आख्खं पांघरूण एकदम हाती घेण्याऐवजी बायका एक एक चौकोन तयार करू लागल्या. त्याला ब्लॉक म्हणतात. छापील सुती कापड स्वस्त झालं होतं. चौकोन मांडीवर मावत होता, चुलीजवळ बसून शिवता येत होता, हातातलं काम टाकून मुलाकडे जाता येत होतं. असे वीस-तीस चौकोन झाले की ते जोडून वरचा पदर तयार. मग त्याखाली भरण आणि अस्तर घालून सगळं एकत्र शिवायला शेजारणींना बोलवायचं.

या चौकोनांना नावं आहेत. नऊ तुकड्यांचा नाईन पॅच, उडत्या बदकांच्या त्रिकोणांचा फ्लाइंग गीज, आणि सर्वांत लाडका लॉग केबिन. १८६०च्या दशकापासून तो फार चालला. मध्ये एक लहान चौकोन, बहुतेकदा लाल. तो घरातल्या चुलीचा, असं सांगतात. त्याभोवती ओंडके रचावेत तशा कापडाच्या पट्ट्या, दोन बाजूंना फिक्या, दोन बाजूंना गडद. असे चौकोन कसे फिरवून मांडता यावर सगळं चित्र बदलतं. एका मांडणीत शेतातले सरळ तास दिसतात, दुसरीत एकात एक शिरलेले मोठाले हिरे. तुकडे तेच, मांडणी वेगळी.

जरा ताडून पाहा. आपली गोधडी कडेपासून मध्याकडे येते. लॉग केबिन मध्यापासून कडेकडे जातो. आपल्याकडे सीमा आधी ठरते आणि आतली जागा हळूहळू भरते. तिथं चूल आधी पेटते आणि घर तिच्याभोवती वाढत जातं. पण याहून मोठा फरक मापाचा आहे. गोधडीला माप नसतं, लुगड्याएवढी ती असते. ब्लॉकला माप असावंच लागतं. शिवून झाल्यावर चौकोन बारा इंच यायचा असेल तर आधी तो साडेबारा इंच हवा, कारण चारी कडांना पाव पाव इंच जोडणीत जातो. हा पाव इंच म्हणजे करार असतो. तो सगळ्यांनी पाळला तर कुठल्याही गावातल्या, एकमेकींना कधी न भेटलेल्या बायकांचे चौकोन शेजारी शेजारी बसतात. एकीनं मोडला तर कोपरे जुळत नाहीत आणि अख्खी रांग उसवावी लागते.

या करारामुळेच चौकोन प्रवासाला निघाले. १८४०च्याच दशकात तिथं मैत्रीच्या गोधड्यांची लाट आली. एखादं कुटुंब गाव सोडून दूर पश्चिमेकडे निघालं की शेजारणी एक एक चौकोन शिवायच्या, त्यावर शाईनं किंवा टाक्यानं आपलं नाव घालायच्या आणि ते जोडून निघणाऱ्या बाईला द्यायच्या. आज सुईकामाची आवड असणाऱ्या बायका फोनवरून महिन्याचा एक चौकोन ठरवतात. एकच आकृती, एकच माप, रंग ज्याचे त्याचे. मग कुणी पुण्यात शिवतं, कुणी चेन्नईत, कुणी न्यू जर्सीत, आणि चौकोन पोस्टानं एका पत्त्यावर जमतात. २०१९च्या जानेवारीत चेन्नईला भारतातल्या गोधडीकामाचा मोठा महोत्सव भरला, त्यामागेही असंच दुरून जोडलेल्या हातांचं बळ होतं. साधन नवं आहे. पाव इंचाचा करार जुनाच आहे.

आणि आज आपण स्मृतीसाठी जमलो आहोत, म्हणून एका गोधडीचा उल्लेख मला केलाच पाहिजे. १९८०च्या दशकात अमेरिकेत एड्सनं माणसं मरत होती. कित्येकांचे अंत्यविधी करायलाही लोक कचरत होते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याच्या पुढाकारानं १९८७ मध्ये एक काम सुरू झालं. गेलेल्या प्रत्येकासाठी कापडाचा एक फलक, तीन फूट बाय सहा फूट. माणसाच्या थडग्याएवढा. आठ फलक जोडले की बारा फुटांचा एक चौकोन. ११ ऑक्टोबर १९८७ला वॉशिंग्टनच्या मैदानावर ते पहिल्यांदा अंथरले तेव्हा १,९२० फलक होते. आता ते सुमारे पन्नास हजार झाले आहेत आणि सगळ्यांचं वजन ५४ टन भरतं. कुणी फलकात मुलाची जीन्स शिवली, कुणी टाय, कुणी टोपी. प्रत्येकाचं दुःख निराळं होतं. माप एक होतं म्हणून ती सगळी दुःखं एका मैदानावर मांडता आली आणि सरकारला त्यांच्याकडे डोळेझाक करणं अवघड झालं.

मग चौकोनाचीच रीत मोठी म्हणायची का? माझं मत तसं नाही. चौकोनात एक धोका आहे, आणि तो अमेरिकेतल्याच एका गावानं दाखवून दिला आहे. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामांच्या वंशजांची, गरीब, रस्त्यापासून दूर. तिथल्या बायका शेतात झिजलेल्या कामाच्या कपड्यांची पांघरुणं शिवत आल्या. माप नाही, आखणी नाही, पट्ट्या वाकड्या तर वाकड्या. त्या भागात १९६६ मध्ये नागरी हक्कांच्या चळवळीतून बायकांची शिवण सहकारी संस्था निघाली. पुढे एका मोठ्या दुकानानं तिला उशीच्या कॉर्डरॉय अभ्र्यांचं काम दिलं. पैसा आला, चार घरांत आधार आला, हे खरं. पण सगळे अभ्रे एकसारखे. हाताला सुचण्यासारखं त्यात काही उरलं नाही. गंमत अशी, की त्याच कामातून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायकांनी घरी नेले आणि त्यांची स्वतःच्या मनाजोगती पांघरुणं केली. पुढे २००२ मध्ये जीज बेंडची पांघरुणं न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागली, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. प्रत्येक पांघरुणाखाली शिवणारीचं पूर्ण नाव होतं.

हे नाव मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे बचत गटांच्या प्रदर्शनात, मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये, गोधड्या दिसतात. गिऱ्हाईक हात फिरवून पाहतं, भाव करतं, घेऊन जातं. चिठ्ठीवर किंमत असते, गटाचं नाव असतं. शिवणारीचं नाव नसतं. बिहारच्या सुजनीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बंगालच्या नक्षी कांथ्याला २००८ मध्ये. त्याचा उपयोग आहे, पण मानांकनानं प्रदेशाचं नाव होतं. टाका पडतो तो बाईच्या हातून. किंमत ठरवताना आपण कापड जुनं आहे म्हणतो आणि मजुरी विसरतो. गोधडीत फुकट काही असेल तर ते फक्त कापड.

आणि आता तेही फुकट राहिलेलं नाही. आपल्या भंडारा जिल्ह्याची ओळख विणकामाची आहे. पवनीचं बारीक सुती लुगडं, मोहाडी-आंधळगावचा कोसा, करवतकाठी. त्यातलं कोशाचं कापड गोधडीत क्वचितच जाई, सुती मात्र हमखास. १८७७ मध्ये नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचं सुती लुगडं, धोतर खेड्यापाड्यांत पोचू लागलं आणि गोधडीतही उतरलं. सुती कापड धुऊन धुऊन मऊ होतं, घाम शोषतं, सुई सहज जाऊ देतं. आज घरातल्या जुन्या साड्यांचं गाठोडं उघडा. बहुतेक साड्या पॉलिएस्टरच्या. त्या विरत नाहीत, फाटत नाहीत, घाम शोषत नाहीत. थर दिले की एकमेकांवरून सरकतात. उन्हाळ्यात अंगाला चिकटतात. वर बाजारात मिंक ब्लँकेट स्वस्तात मिळतं. गोधडी बायकांच्या आळसामुळे मागे पडली असं कुणी म्हणालं तर त्याला हे गाठोडं दाखवा. कच्चा मालच बदलला, आणि चार जणींनी चार बाजूंना बसायचा वेळ मजुरीच्या दिवसात गेला.

याला जोड मिळाली लाजेची. लग्नाच्या वऱ्हाडासमोर गोधडी अंथरायची नाही, पाहुण्याला चादर द्यायची, हे आपण सगळ्यांनी केलं. आता तीच गोधडी शहरातल्या दुकानात बैठकीच्या खोलीत पसरायला मिळते, आणि आपल्याला तिचं अप्रूप वाटू लागतं. लाज आणि अप्रूप, दोन्हीत शिवणारी नजरेआड राहते. गाडगेबाबांनी चिंध्यांचा अंगरखा भर सभेत मिरवला, मंत्र्यांसमोर मिरवला. त्यांनी चिंधीची लाज धरली नाही आणि तिचं कौतुकही मागितलं नाही. समोरच्या माणसाला झाडू हाती घ्यायला लावलं. म्हणजे काम करायला लावलं. आपणही आता कामावर येऊ.

माझी साकोलीकरांना एक सूचना आहे. या तालुक्यातल्या प्रत्येक गावानं एक एक चौकोन शिवावा. सानगडीनं एक, एकोडीनं एक, कुंभली, सेंदूरवाफा, सगळ्यांनी. कापड घरातलं जुनं, पण सुती. गाठोड्यात तळाशी अजून एखादं लुगडं, एखादी बंडी सापडेलच. आकृती ज्या त्या गावाची. चुलबंद नदी काढा, तलावाची पाळ काढा, धानाची बांधी काढा, नाहीतर नुसतीच ठिगळं जोडा. माप मात्र सगळ्यांचं एक. आणि चौकोनाच्या मागे शिवणारीचं नाव टाक्यात घाला, अमक्याची पत्नी म्हणून नव्हे, तिचं स्वतःचं. ज्या लेकीसुना नागपूर-पुण्याला, सुरत-हैदराबादला गेल्या आहेत, त्यांनी तिथून पोस्टानं पाठवावा. दूर असलेल्यांसाठी चौकोनाची रीत आहे ती यासाठीच.

चौकोन जमले की ते जोडायचे, आणि त्याच्या पुढचं काम आपल्या रीतीनं करायचं. खाली थर अंथरायचे, कच्चे टाके घालायचे, आणि मग कडेपासून मध्याकडे धावदोरा, चार बाजूंना बसून. त्या वेळी यावंच लागेल. पोस्टानं ते होणार नाही. शाळकरी मुलांनाही बसवा, मुलग्यांनाही बसवा. धावदोरा यायला एक दुपार पुरते. गोधडी तयार झाली की ती गावातल्या वाचनालयात राहू द्या, आणि तिच्याशेजारी सगळ्या शिवणाऱ्यांची यादी लावा. त्यातून बाजार उभा राहिला तर आनंदच आहे, पण विक्रीच्या चिठ्ठीवर शिवणारीचं नाव असेल आणि मजुरी धरलेली असेल, हे आधी ठरवून घ्या.

लाखोरी घरात आली की सुरुवात करता येईल. मापाचे पुठ्ठे मी कापून आणले आहेत. साडेबारा इंचांचे आहेत, पाव इंच कुणी विसरू नये. व्याख्यान संपलं की ज्यांना हवेत त्यांनी पुढे येऊन घेऊन जावेत, आणि आपल्या गावाचं नाव वहीत लिहून द्यावं.